बहिरूचा रुपया

ज्ञानेश गायखेला दारूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं, तंबाखूचंसुद्धा नव्हतं, आणि हे तो चारचौघांत इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्यापेक्षा पिणारा परवडला. त्याला नाद होता जुन्या नोटांचा. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये स्टोअरच्या ऑफिसात तो क्लार्क होता, कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर क्वार्टर होतं, बायको दीपमाला होती, मूलबाळ नव्हतं. त्या रिकाम्या जागेत नोटा येऊन बसल्या, असं दीपमाला म्हणायची. रागाने नाही, आपली सहज, मेथी निवडता निवडता. म्हणूनच ते त्याला जास्त लागायचं.

आता नोटांच्या नादातली माणसं म्हणजे वेगळीच जमात. तुम्हाआम्हाला नोट म्हणजे बाजारात मोडायची वस्तू. हे लोक तिला चिमट्याने उचलतात, उजेडासमोर धरतात, बँकेच्या टाचणीची भोकं शोधतात आणि कानाजवळ नेऊन हलवतात. हो, कानाजवळ! कोरी नोट करकर वाजते. दहा बाजार फिरून आलेली मुकी असते. ज्ञानेशकडे पंचम जॉर्जची एक रुपयाची नोट होती, निळसर हिरवी, राजाचं डोकं असलेल्या नाण्याचं चित्र छापलेली. नाशिकरोडच्या प्रेसमधलाच माल, म्हणजे तशी घरचीच. पण मुकी. धुण्याच्या फडक्यासारखी लुळी पडलेली. रविवारी भद्रकालीत नोटा-नाणीवाल्यांचा अड्डा जमायचा, तिथे त्याने ती काढली की लोक "छान आहे" म्हणायचे आणि अल्बमचं पान उलटायचे. ते "छान आहे" त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर रावजी भोये बसायचा. पेठच्या पलीकडचा, डोंगरातला माणूस. एकदा डबा खाताना ज्ञानेश आपलं नेहमीचं रडगाणं गात होता, तर रावजी बोटं चाटत म्हणाला, "राजाची नोट ना? माझ्या आत्याकडं हाय की. कोरी करकरीत. कापडात बांधून देवाजवळ ठिवलीय."

ज्ञानेशचा घास तोंडातच राहिला.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. होळीनंतर रावजीच्या गावाला बोहाडा होता, देवांचे मुखवटे घालून नाचायचा सण. ज्ञानेश कधी सणावाराला कुणाकडे न जाणारा, पण या वेळी आमंत्रण मिळायच्या आत त्याने पिशवी भरली. सकाळी गावात उतरला तो मुखवट्यांकडे ढुंकूनही न बघता थेट आत्याच्या दारात.

आत्याचं नाव बयाबाई. पासष्टीच्या पुढची, वाळून काटकुळी झालेली, पण डोळे असे की आपण काय खाऊन आलोय तेसुद्धा तिला दिसावं. एकटीच राहायची. लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला, ती माहेरच्या झोपडीत परत आली ती आलीच. रावजीने नोटेचं काढलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. देवाजवळ आढ्याला टांगलेली बांबूची टोपली खाली घेतली, तिच्यातून हळदीने पिवळं झालेलं एक फडकं काढलं आणि गाठ सोडली.

काय सांगावं! चार घड्या घातलेली ती नोट बाहेर आली तेव्हा ज्ञानेशच्या कानात आवाज आला. करकर. घड्यांच्या रेघा आणि वरच्या अंगाला हळदीचा डाग सोडला तर कालच छापून आल्यासारखी.

"माझ्या भावाची हाय," बयाबाई म्हणाली. "बहिरूची. देवळालीच्या छावणीत भरती झाला. एकदाच आला व्हता, खाकी कपडे दाखवायला. ही नोट आईच्या हातावर ठिवली आन गेला. बोटीत बसवून कुठं नेलं, देव जाणे. आईनं वणीच्या देवीला बोललं, पोरगं घरी येऊ दे, हाच रुपया तुझ्या पायावर घालीन. आन गाठ मारून ठिवला. आई गेली. आता मी ठिवते. चैताच्या पुनवेला हळद लावते."

"आणि बहिरू?"

"येईल ना," ती म्हणाली, जसं काही तो पेठेपर्यंत मीठ आणायला गेला होता. "मी आठ वर्सांची व्हते तो गेला तवा. मला म्हणला, बया, तू दार उघडायला पायजे मला, आई नाय. म्हणून मी कुठं जात नाय. दार लावत नाय."

ज्ञानेशने घसा खाकरला आणि विकत द्याल का म्हणून विचारलं. म्हातारी हसली, तोंडावर पदर धरून हसली. "माझी थोडीच हाय? तो आला की त्याला इचारा."

ती चहा टाकायला मागच्या बाजूला गेली. रावजी अंगणात कुणाशी तरी बोलत होता. पिवळं फडकं ज्ञानेशच्या समोर, हातभरावर. आणि त्याच्या खिशात, कुणाशी अदलाबदल करायला म्हणून नेहमी बाळगलेल्या नोटांमध्ये, एक रुपयाची साधी, अलीकडची नोट होती. पुढचं त्याच्या हातांनी केलं. निदान तो स्वतःला नंतर तसंच सांगत राहिला. तशाच चार घड्या घातल्या, तशीच गाठ मारली. रुपयाला रुपया दिला, फसवलं कुठे? गुळाचा चहा पिताना त्याला चटका बसला तरी कळलं नाही.

घरी आल्यावर त्याने ती नोट दिव्याखाली धरली. हळदीचा डाग सोडला तर अशी नोट अड्ड्यात कुणाकडे नव्हती. तो डाग मात्र त्याला खुपायला लागला. खरं तर नोट धुणं हे या लोकांत महापाप. धुतलेली नोट कितीही चकचकीत दिसली तरी जाणकार बोट लावून ओळखतो, आणि मग त्या माणसाकडून कुणी काही घेत नाही. दुसऱ्यांनी धुतलेल्या नोटांवर ज्ञानेशने स्वतः किती वेळा नाक मुरडलं होतं! पण हाव सुटली की शहाणपण कुठं टिकतं? येत्या महिन्यात अड्ड्यातल्या लोकांचं प्रदर्शन होतं, आणि त्याला काचेखाली ठेवायची होती डाग नसलेली नोट. त्याने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, साबणाचा चुरा विरघळवला आणि नोट अलगद सोडली.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे लग्नात हळदीचे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. ज्ञानेशलाही माहीत होतं. तरी पाण्यात तो डाग लालभडक होऊन पसरला तेव्हा त्याने दचकून हात मागे घेतला. दीपमाला मागे येऊन उभी होती. "कुणाचं रक्त धुताय?" तिने थट्टेत विचारलं. त्याला हसता आलं नाही.

नोट वाळली, दोन कागदांत घालून इस्त्रीखाली गेली, अल्बममध्ये बसली. डाग बराचसा गेला होता. करकर मात्र उरली नव्हती. कानाजवळ धरली तर काहीच नाही.

चैत्र लागला. उन्हाने कॉलनीतले रस्ते दुपारी ओस पडायला लागले. गेटजवळ कुसाबाई भाजीची पाटी घेऊन बसायची, स्वतःच्या मळ्यातली भाजी, आणि जिभेला हाड नाही. संध्याकाळी ज्ञानेश ड्युटीवरून येत होता तर तिने हाक मारली. "दादा, भेटलं का पाव्हनं?"

"कोण पाहुणं?"

"आता काय बाई! दुपारी एक पोरगं आलं व्हतं. एवढंसं मिसरूड फुटलेलं. जुनी खाकी चड्डी, खांद्यावर बोचकं. म्हणलं, बयाचं घर कंचं? मी म्हणलं, हितं बया नाय कोनी. तर तुमच्याच जिन्याकडं बोट दाखवून म्हणतो, तेच हाय, आन गेला वर."

ज्ञानेशच्या हातातली डब्याची पिशवी एकदम जड झाली. रावजीला सोडून कॉलनीत बयाचं नाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि रावजी आठवडाभर रजेवर होता. "सेल्समन असेल कुणी," तो म्हणाला. घरी दीपमालाला त्याने विचारलं, दुपारी कुणी आलं होतं का? ती म्हणाली, झोप लागली होती, बेल ऐकू आली नाही. पण दाराबाहेरच्या पायरीवर, उन्हाळ्याची जी बारीक धूळ दिवसभर साचते, तिच्यात एक जागा स्वच्छ होती. कुणीतरी बराच वेळ बसून गेल्यासारखी. त्याने ती पायाने पुसून टाकली.

त्यानंतर दीपमाला दुपारची झोपेनाशी झाली. का ते त्याला दोन-चार दिवस सांगितलं नाही तिने. मग एकदा भाकरी थापता थापता हात थांबवून म्हणाली, "अहो, ही बया कोण?"

"कोण बया?"

"रोज भर दुपारी दाराशी कुणीतरी हाक मारतं. बया, ए बया, दार उघड, पाणी दे. मुलाचा आवाज आहे. दमलेला. माझी आई सांगायची, टळटळीत दुपारच्या हाकेला ओ देऊ नये. मी देत नाही. उशी कानावर धरून बसते." तिने हातातली भाकरी परातीत तशीच टाकली. "पण अहो, तो भीती दाखवत नाही हो. तहानलाय तो. मला ते ऐकवत नाही."

ज्ञानेशने दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मनात म्हणत होता, चोरबीर असेल, पकडून देऊ. जेवण करून दारामागे खुर्ची टाकून बसला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाराच्या पुढे जिन्यात पावलं वाजली, जड बुटांची, एकेक पायरी दमून चढणारी. ती दारापर्यंत आली आणि थांबली.

"बया."

ज्ञानेशने दाराच्या भिंगाला डोळा लावला. अठरा-वीस वर्षांचं पोरगं होतं. उन्हाने रापलेलं तोंड, ओठ फाटलेले, टोपी हातात. भुतासारखं त्यात काहीही नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. तो अगदी रावजीसारखा दिसत होता.

"इथं बया नाही," ज्ञानेश कसाबसा बोलला. "घर चुकलंय तुझं."

"चुकल कसं?" पोरगं म्हणालं. भांडून नाही, आपलं समजावून सांगावं तसं. "माझा रुपया अठंच हाय, ह्या घरात. दार उघड ना. लय लांबून आलोय."

ज्ञानेशने दार उघडलं नाही. साखळीवर गेलेला हात तसाच राहिला. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. उघड म्हणत होती की नको, ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळाने पावलं खाली गेली.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. टोपली, पिवळं फडकं, अदलाबदल, धुणं. दीपमाला ऐकता ऐकता जेवणाची भांडी आवरत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी काढून टाकतो ती," तो घाईघाईने म्हणाला. "लासलगावचा एक व्यापारी मागे लागलाय, कांद्यात पैसा आलाय त्याला. प्रदर्शनात देऊन टाकतो. पीडा जाईल."

"म्हणजे आता त्या बिचाऱ्याला लासलगावच्या दारात पाठवणार?" दीपमालाचा पारा चढला. "तिथूनही हाकलायला? लाज वाटत नाही? तिकडे ती बाई सत्तावन्न वर्षं दार उघडं टाकून बसलीय, आणि तो इथे आपल्या बंद दाराशी पाणी मागतोय! तुम्ही नोट आणली नाहीत, माणूस पळवून आणलात तिचा!"

 सकाळी तिने स्वतःच पिशवी भरली.

निघता निघता रजेवरून परतलेला रावजी भेटला, त्याने वेगळंच सांगितलं. आत्याचं काही खरं नाही. अंगात ताप आहे, अन्न जात नाही, डॉक्टरांनी हात टेकले. नाशिकला आणू म्हटलं तर उंबरा सोडत नाही. बहिरू आला तर दार कोण उघडेल, म्हणते. हे ऐकून ज्ञानेशच्या जिवाची जी घालमेल झाली, ती त्याला स्वतःलाच नवीन होती. म्हातारी तशीच गेली तर? भाऊ आलेला असताना, तो न भेटताच गेली तर? या विचाराने तो एसटीत प्रत्येक थांब्यावर उठून उभा राहत होता. नोट वरच्या खिशात होती आणि त्याला सारखं वाटत होतं की ती तिथे नाही.

बयाबाई बाजेवर पडली होती. दार सताड उघडं. दोघांना बघून ती उठायला गेली, दीपमालाने तिला धरून बसवलं. ज्ञानेशने वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्याने नोट काढून तिच्या पुढ्यात ठेवली आणि मान खाली घातली.

म्हातारीने नोट हातात घेतली, हुंगली. "साबण लावलं व्हय?"

"चुकलं माझं, आत्या."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पुनवेला हळद लावायला सोडलं तर आतली नोट कोरडी, हळदीचा डागच नाय. मला नोटा वळखू येत नायत बाबा, पर हळद येते."

"मग रावजीला का नाही सांगितलं?" दीपमालाने विचारलं.

"सांगणारच व्हते. लय राग आला व्हता. तळतळाट देणार व्हते." बयाबाई धापा टाकत थांबली. "मंग इचार केला. अठं रुपया इतकी वर्सं व्हता. आला का बहिरू? नाय आला. डोंगर चढून येणं व्हत नसंल त्याला. तुमचं घर देवळालीच्या अंगाला. जिठून गेला तठंच उतरणार ना पोरगं? म्हणलं, ऱ्हाऊ दे रुपया तठं. तठं तरी येईल." आणि मग तिने ज्ञानेशचं मनगट धरलं. तापाने तिचा हात चटका बसावा इतका गरम होता. "आला व्हता का?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती आणि खरं बोलायची ज्ञानेशला छाती नव्हती. दीपमालाच बोलली. "आला होता, आत्या. रोज येतो."

बयाबाईचं तोंड असं उजळलं की ज्ञानेशला बघवेना. "कसा हाय? वाळलाय का? जेवायला काय घातलं?"

दीपमालाने ज्ञानेशकडे बघितलं.

"पानी तरी दिलं ना?"

दीपमालाने तोंडाला पदर लावला. "घाबरलो आम्ही. दार नाही उघडलं."

म्हातारीने ज्ञानेशचं मनगट सोडलं. शिव्या देईल, थुंकेल, असं ज्ञानेशला वाटलं, आणि त्याला ते हवंही होतं. तिने फक्त पाय बाजेखाली सोडले. "तुमचं तरी काय चुकलं? तुमच्या वळखीचा थोडाच हाय तो. त्यानं मला सांगितलं व्हतं दार उघडायला. उठवा मला. मी येते."

"आत्या, तुम्ही अशा तापात? नोट आणलीय ना इथे, आता इकडे येईल तो."

"अठं नाय यायचा. इतकी वर्सं बघितलं नाय का? त्याला तुमचं दार सापडलंय, आता मोडता घालू नका. चला."

मागून जीप घेऊन आलेल्या रावजीने खूप आदळआपट केली, पण जिथे डॉक्टरांचं चाललं नाही तिथे त्याचं काय चालणार? माहेरी परतल्यापासून पहिल्यांदा तिने उंबरा सोडला. जीपमध्ये दीपमालाच्या मांडीवर डोकं ठेवून ती नाशिकात आली, आणि सगळी वाट बहिरूला काय काय सांगायचं ते घोकत होती. आई कशी गेली. तांबडी गाय किती वर्षं जगली. आंब्याच्या झाडावर वीज पडली. दीपमाला "हो, हो" म्हणत होती आणि डोळे पुसत होती.

एकलहऱ्याला आल्यावर तिला गादीवर निजवायचं म्हटलं तर ऐकेना. दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर घोंगडी अंथरून घेतली, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला, मांडीवर ती नोट. दार उघडं. शेजारपाजारचे विचारून गेले, दीपमालाने त्यांना सांगितलं, आमच्या आत्या आहेत, त्यांना मोकळी हवा लागते. दुपार झाली की म्हातारी केसांवरून हात फिरवायची, पदर नीट करायची. ज्ञानेश ऑफिसला जायचा बंद झाला होता. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून तो बसायचा. प्रदर्शन कधी होऊन गेलं ते त्याला कळलंसुद्धा नाही. त्याचं देवाजवळ एकच मागणं होतं, की तिचा श्वास चालू आहे तोवर ती पावलं वाजावीत. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बयाबाई पाणीसुद्धा घेईना. तांब्याला हात लावला तर ओरडायची, त्याचं हाय ते.

आणि मग एका दुपारी, तिची मान भिंतीवर कलंडलेली असताना, खाली जड बूट वाजले.

म्हातारी ताठ झाली. पावलं एकेक पायरी चढत आली आणि वळणावर थांबली. ज्ञानेशला आतून टोपी दिसली, खांद्यावरचं बोचकं दिसलं, रापलेला गळा दिसला. या वेळी 'घर चुकलंय' असं तो म्हणाला नाही. बयाबाई हसत होती. दोन्ही हात पुढे झाले होते तिचे.

"आजी," पोरगं म्हणालं, "बयाचं घर हेच ना?"

तिचे हात तसेच राहिले.

"बहिरू," ती म्हणाली, "अरे, मीच बया."

पोरगं हसलं. कुचेष्टेने नाही, म्हाताऱ्या माणसाची थट्टा आवडल्यासारखं. "तुम्ही कशा, आजी? बया एवढी हाय." आणि त्याने तळहात आडवा धरून कमरेइतकी उंची दाखवली. "पुढले दात पडलेत तिचे. मला दार उघडणार हाय ती."

ज्ञानेशला वाटलं, ती आता ओरडेल, नाहीतर जागच्या जागी जाईल. दीपमाला त्याच्या शेजारी येऊन बसली होती, तिची नखं त्याच्या दंडात रुतली. बयाबाईने आपले हात मांडीवर घेतले, उलटेपालटे करून बघितले, एखादी अनोळखी वस्तू बघावी तसे. आई कशी गेली, तांबडी गाय, आंब्यावरची वीज, यातलं काहीही ती बोलली नाही. तिने तांब्या उचलला.

"माझंच चुकलं बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कुठेही हलला नाही. "बया पान्याला गेलीय. येईल ती. घे, पानी पी आधी. किती वाळलास."

"आन आई?"

"आई बी गेलीय तिच्यासंगं. बस तू."

पाणी पिण्याचा आवाज आला. घटाघटा, मध्ये श्वास न घेता, कितीतरी वेळ. मग बोचकं खाली ठेवल्याचा. "बसतो की," पोरगं म्हणालं. "ती आल्याबिगर कुठं जाऊ?"

बयाबाई घोंगडीवर जरा सरकली आणि तिने त्याला जागा करून दिली. मग आत न वळताच म्हणाली, "दादा, तुम्ही आता दार लावून घ्या. आमी दोघं वाट बघतो तिची."

ज्ञानेश उठला. दाराला हात लावला, पण दार लावणं त्याला जमलं नाही.